कौल आणि मत

मराठीत ‘मत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एखाद्या कादंबरीविषयी आपले मत असते आणि निवडणुकीत आपण मत देतो. इंग्रजीने या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. मराठीने मात्र एकाच शब्दात दोन्ही सामावून घेतल्या. ही भाषेची गरिबी नसून समजूत आहे असे मला वाटते. मतदान म्हणजे सार्वजनिक व्यवहाराविषयीचे आपले मत नोंदवणे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र आपली वर्तमानपत्रे हा शब्द बाजूला ठेवतात आणि ‘जनतेचा कौल’ असा मथळा देतात. कौल हा शब्द कोकणाला नवा नाही. देवाला कौल लावला, की फूल उजवीकडे पडले तर होकार आणि डावीकडे पडले तर नकार. ‘होय, पण…’ किंवा ‘हे नाही जमले तर निदान ते’ असे उत्तर कौलात येत नाही. मतात मात्र बहुधा तसेच येते. कोणत्याही विचारी माणसाचे मत ‘पण’, ‘तरी’, ‘नाहीतर’ या अव्ययांशिवाय पुरे होत नाही.

आपल्या नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडणुकांत आपण मत देत नाही, कौल देतो, असे म्हटले तर ते शब्दच्छल वाटेल. पण तो तसा नाही. मतपत्रिका (किंवा मतदान यंत्र) मतदाराला कोणत्या व्याकरणात बोलू देते, यावर शहराचे सभागृह कसे दिसणार हे ठरते. याचे एक स्पष्ट उदाहरण स्कॉटलंडमध्ये सापडते, आणि त्याचा आपल्याशी वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे.

२००३ साली ग्लासगो नगर परिषदेच्या निवडणुकीत मजूर पक्षाला निम्म्याहून कमी मते मिळाली आणि ७९ पैकी ७१ जागा मिळाल्या. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साधारण पंचमांश मते असूनही जागा मिळाल्या तीन. तेव्हा तिथे एका प्रभागात एक नगरसेवक आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, अशी पद्धत होती. स्कॉटलंडच्या संसदेने २००४ मध्ये कायदा करून ती बदलली. २००७ पासून तिथल्या सर्व ३२ स्थानिक परिषदांत तीन किंवा चार सदस्यांचे प्रभाग आले आणि मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे, ही रीत आली. आपल्या राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात जिला ‘एकल संक्रमणीय मत’ म्हटले आहे, तीच ही पद्धत. त्याच वर्षी ग्लासगोत मजूर पक्षाला ४५ जागा मिळाल्या, नॅशनल पार्टीला २२, आणि उरलेल्या चार पक्षांत वाटल्या गेल्या. मजूर पक्ष हरला नाही. बहुमतही त्याच्याकडेच राहिले. पण त्याच्यासमोर प्रश्न विचारू शकेल एवढा विरोधी पक्ष सभागृहात आला. आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा कमी होते. २००३ मध्ये स्कॉटलंडभर ६१ प्रभागांत बिनविरोध निवड झाली होती. २००७ मध्ये एकाही प्रभागात झाली नाही. जिंकण्याची थोडीशीही शक्यता दिसली की माणसे अर्ज भरतात, हा त्याचा साधा अर्थ.

ही पद्धत चालते कशी, हे एका काल्पनिक प्रभागाच्या हिशेबाने पाहू. चार जागांचा प्रभाग आहे आणि दहा हजार वैध मते पडली आहेत. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा म्हणजे एकूण मतांना जागांपेक्षा एकाने अधिक आकड्याने, म्हणजे पाचाने, भागून येणाऱ्या संख्येत एक मिळवायचा : २,००१. प्रत्येक मतदाराला एकच मत असते, पण ते मत चालते-फिरते असते. पहिल्या पसंतीचा उमेदवार कोटा ओलांडून निवडून आला, तर त्याची जास्तीची मते प्रमाणात दुसऱ्या पसंतीकडे जातात. तो सगळ्यांत मागे राहून बाद झाला, तरी त्याची मते वाया न जाता पुढच्या पसंतीकडे जातात. समजा, ‘अ’ गटाला ४,४००, ‘ब’ गटाला ३,३०० आणि ‘क’ गटाला २,३०० मते आहेत, आणि त्या त्या गटाचे मतदार आपल्याच गटाच्या उमेदवारांना क्रम देतात. तर ‘अ’चे दोन, ‘ब’चा एक आणि ‘क’चा एक, असे चौघे निवडून येतात. आता हाच प्रभाग आपल्याकडच्या पद्धतीने मोजू. मतदाराला चार जागांसाठी चार स्वतंत्र मते आहेत आणि प्रत्येक जागेवर सर्वाधिक मते मिळवणारा विजयी आहे. ‘अ’ गटाच्या मतदारांनी चारही वेळा आपल्या गटाचेच बटण दाबले, तर चारही जागा ‘अ’ला जातात. शंभरातल्या ४४ मतदारांना चार नगरसेवक मिळतात आणि उरलेल्या ५६ जणांच्या पदरी काहीच पडत नाही.

आपल्याकडच्या वाचकाने थबकावे असा मुद्दा हा आहे. चार सदस्यांचा प्रभाग आपल्याकडे आधीच आहे. स्कॉटलंडला जो बदल सर्वांत अवघड गेला असेल, म्हणजे एका नगरसेवकाचा छोटा प्रभाग मोडून मोठा प्रभाग करणे, तो आपण अनेकदा केला आहे. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक महापालिकांच्या निवडणुका २००२ मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागांनी झाल्या, २००७ मध्ये एक सदस्याच्या, २०१२ मध्ये दोन सदस्यांच्या आणि २०१७ मध्ये चार सदस्यांच्या. २०१९ मध्ये पुन्हा एक सदस्याचा कायदा झाला, २०२१ मध्ये तीन सदस्यांचा निर्णय झाला, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा २०१७ची रचना आली. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या निवडणुका त्याच चार सदस्यांच्या चौकटीत झाल्या. प्रत्येक सरकारने प्रभागाचा आकार आपल्या सोयीने ताणला किंवा आवळला. मताचे व्याकरण मात्र कुणीच बदलले नाही. बहुसदस्यीय प्रभागाचा सारा त्रास आपण सोसतो : प्रभाग एवढा मोठा की नगरसेवक ओळखीचा राहत नाही, रस्त्यावरच्या खड्ड्याची जबाबदारी चौघांत कुणाची हे कळत नाही, आणि अपक्षाला एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार परवडत नाही. ज्या एका फायद्यासाठी जगात बहुसदस्यीय प्रभाग करतात, तो प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा फायदा मात्र आपण घेत नाही.

पनवेलचे उदाहरण आमच्या अंगणातले आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या पनवेल नगरपालिकेला आसपासची गावे आणि सिडकोच्या वसाहती जोडून १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली. मे २०१७ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा २० प्रभागांत ७८ जागा होत्या. भारतीय जनता पक्षाला ५१ जागा मिळाल्या, शेतकरी कामगार पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांना मिळून २७, आणि स्वबळावर लढलेल्या शिवसेनेला एकही नाही. इथे कोणत्याही पक्षाची कड घेण्याचा हेतू नाही. जिथे दुसऱ्या पक्षाची लाट असते तिथे हेच गणित त्याच्या बाजूने चालते, हे ग्लासगोत मजूर पक्षाच्या बाबतीत आपण पाहिलेच. प्रश्न ज्या मतदारांनी शून्य जागांच्या पक्षाला मते दिली त्यांचा आहे. ती माणसे पाच वर्षे शहरात राहिली, त्यांनी कर भरला. पण सभागृहात त्यांचे मत नव्हते.

आणि प्रश्न केवळ पक्षांचा नाही. नवी मुंबई ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. १९७० मध्ये सिडको आली, भातशेती आणि मिठागरे गेली, आणि गावठाणे शिल्लक राहिली. आज खारघर, कामोठे, कळंबोली इथले एखादे गावठाण उंच इमारतींच्या मधोमध एखाद्या बेटासारखे दिसते. इमारतींतले लोक परके नाहीत. तेही कष्टाने घर घेऊन आलेले नागरिक आहेत आणि पाणी, वाहतूक, शाळा हे त्यांचे प्रश्न खरेच आहेत. पण गावठाणाचे प्रश्न वेगळे आहेत : वाढीव घरे नियमित होणे, साडेबारा टक्क्यांचे भूखंड, मासेमारीची जागा, स्मशानभूमी. ज्या प्रभागात गावठाणाची मते एकूण मतांच्या चौथ्या हिश्शाएवढी आहेत, तिथे सध्याच्या पद्धतीत त्यांना आपला म्हणून एकही प्रतिनिधी निवडता येईल याची शाश्वती नाही. ज्यांच्या जमिनीवर शहर झाले ते शहरात कायमचे अल्पमतात जातात. प्रमाणशीर पद्धतीत चार जागांच्या प्रभागात पाचव्या हिश्शाहून एक मत जास्त असले तरी ती एक जागा त्यांच्यापासून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. त्यासाठी त्यांना कुणाचे बोट धरावे लागत नाही, की कुणाशी वैर करावे लागत नाही.

पसंतीक्रमाची भाषा आपल्याला अवघड जाईल, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. या पानांचे बरेचसे वाचक शिक्षक आणि पदवीधर आहेत. विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत आपण हेच करत आलो आहोत. मतदान केंद्रावर दिलेला जांभळा स्केचपेन घेऊन नावापुढे आकडे लिहितो. तिथे जागा एकच असल्यामुळे निकाल प्रमाणशीर होत नाही, पण मताचे व्याकरण तेच असते. २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघाचा निकाल खालच्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीकडे नेत नेतच लागला. म्हणजे ही पद्धत कायद्यात आहे, मोजणारे अधिकारी आहेत, मोजण्याची सवयही आहे. फक्त ती ‘शिकलेल्यां’साठी आणि आमदारांसाठी राखून ठेवली आहे.

आमदारांनी ती बदनामही केली. विधानसभेतून विधान परिषदेवर पाठवायचे सदस्य याच पद्धतीने निवडले जातात. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार उभे होते आणि आमच्या रायगडचे, शेकापचे जयंत पाटील पराभूत झाले. त्या काळात बातम्या होत्या त्या आमदारांच्या हॉटेलांतील मुक्कामाच्या आणि फुटलेल्या मतांच्या. त्यामुळे ‘दुसरी पसंती’ म्हटले की सामान्य मराठी वाचकाला घोडेबाजार आठवतो. मतदार पावणेतीनशे असतील आणि प्रत्येकाचे नाव-गाव ठाऊक असेल, तर कोणत्याही पद्धतीत बाजार भरेल. प्रभागात हजारो मतदार गुप्तपणे पसंती लिहितात तेव्हा त्याच पद्धतीचा अर्थ बदलतो. तिथे दुसरी पसंती ही मतदाराची उदारता ठरते : माझा उमेदवार पहिला, पण तुमचाही माणूस मला चालेल. आणि उमेदवारालाही दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘पहिली नको, दुसरी तरी द्या’ असे म्हणावे लागते. ज्याच्याकडे उद्या दुसरी पसंती मागायची आहे, त्याला आज व्यासपीठावरून शिव्या देणे महाग पडते.

या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येणे अपरिहार्य आहे, कारण मतदानाच्या पद्धतीचा विचार महाराष्ट्रात त्यांच्याइतका सूक्ष्मपणे फार थोड्यांनी केला असेल. १९३७च्या निवडणुकीआधी मुंबई इलाख्यातील बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता यावीत, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. १९४६ मध्ये संविधान सभेची निवडणूक प्रांतिक विधिमंडळांतून एकल संक्रमणीय मताने झाली. मुंबईत त्यांच्या पक्षाचे बळ पुरेसे नव्हते. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील इतर काही आमदारांच्या पहिल्या पसंतीच्या मतांवर ते बंगालमधून संविधान सभेत गेले. बहुमत विरोधात असतानाही थोड्या मतांना किंमत देणारी पद्धत नसती, तर घटनेच्या शिल्पकाराला त्या वेळी सभेत प्रवेश मिळणे कठीण होते. आणि १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात, जिथे दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नव्हती, तिथे ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. एकच नेता, तीन निवडणुका आणि तीन व्याकरणे.

पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनीच तिला विरोध केला. त्यांची दोन मुख्य कारणे होती : देशात साक्षरता फार कमी आहे आणि या पद्धतीत आकडे लिहावे लागतात; आणि सभागृह अनेक गटांत विखुरले तर मंत्रिमंडळ स्थिर राहणार नाही. ही कारणे आदराने पण नीट तपासून घ्यायला हवीत. पहिले कारण त्या काळाचे होते. आज मोबाइलवर दहा आकडे लीलया दाबणाऱ्या मतदाराला एक ते चार लिहिता येणार नाहीत, असे म्हणणे धाडसाचे होईल. २००७ मध्ये स्कॉटलंडमध्ये संसद आणि नगर परिषदा यांचे मतदान एकाच दिवशी झाले. संसदेच्या मतपत्रिका मोठ्या संख्येने बाद झाल्या. पसंतीक्रमाच्या नव्या मतपत्रिकांपैकी मात्र दोन टक्क्यांहून कमी बाद ठरल्या. दुसरे कारण लोकसभेपुरते होते. महापालिकेत पडणारे मंत्रिमंडळच नाही. आपल्या कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, महापौरांची मुदत अडीच वर्षांची ठरलेली आहे. सभागृहाचे काम सरकार टिकवण्याचे नाही. विचारण्याचे, तपासण्याचे आणि वाटप ठरवण्याचे आहे. त्यासाठी सभागृहात एकच आवाज असणे हाच दोष ठरतो.

गंमत म्हणजे प्रमाणशीरतेचे तत्त्व आपल्या महापालिका कायद्याने नाकारलेलेच नाही. स्थायी समितीत कोणत्या पक्षाचे किती सदस्य असावेत, हे सभागृहातील ‘तौलनिक संख्याबळा’वरून ठरते. नगरसेवकांच्या संख्येच्या प्रमाणात समित्यांतील जागा वाटणे न्याय्य असेल, तर मतांच्या प्रमाणात नगरसेवकांच्या जागा वाटणे अन्याय्य कसे? नगरसेवकांमध्ये आपण जी समता पाळतो, ती मतदारांपर्यंत पोचू देत नाही.

खरी अडचण आहे ती आरक्षणाची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून ही सूचना मांडणे बेजबाबदारपणाचे होईल. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि त्या अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखलेल्या असतात. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. एकल संक्रमणीय मतात चारही जागा एकत्र मोजल्या जातात. मग राखीव जागेचे काय? मोजणीच्या नियमात एक अट घालता येते : प्रभागात दोन जागा महिलांच्या असतील, तर मोजणीत केवळ तेवढ्याच महिला उमेदवार उरल्यावर त्यांना बाद करायचे नाही, आणि खुल्या जागा भरल्यावर उरलेले बिगरराखीव उमेदवार बाजूला करायचे. याने कोटा थोडा वाकतो, मोडत नाही. पण ही अट आधी काळजीपूर्वक लिहावी लागेल, कारण आरक्षणाला धक्का लावून आलेली प्रमाणशीरता महाराष्ट्राला मान्य होणार नाही, आणि होऊही नये.

स्कॉटलंडचे चित्रही सगळे गुलाबी नाही. मतपत्रिकेवर आडनावाच्या वर्णक्रमाने वर असलेल्या उमेदवाराला सहकाऱ्यापेक्षा जास्त पहिल्या पसंती मिळतात, असे तिथे दिसून आले आहे. २०२२ मध्ये एडिनबरात सर्वांत मोठा पक्ष सत्तेबाहेर राहिला आणि ६३ पैकी १३ जागा असलेल्या मजूर पक्षाने इतरांच्या पाठिंब्यावर कारभार हाती घेतला. तडजोडी निवडणुकीनंतर बंद दाराआड होतात, ही तक्रार तिथेही आहे. पण तडजोड आपल्याकडेही होतेच. ती उमेदवारी वाटताना होते, आणि जानेवारी २०२६ प्रमाणे कित्येक जागांवर मतदानाआधीच ‘बिनविरोध’ या नावाने होते. निदान मतदारांनी आपले म्हणणे नोंदवल्यानंतर ती व्हावी, एवढेच मागणे आहे.

यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिला आहे. ज्या विधिमंडळाने वीस वर्षांत प्रभागाचा आकार इतक्या वेळा बदलला, त्याला एकदा मताचा आकार बदलणे अशक्य नाही. एखाद्या मध्यम आकाराच्या महापालिकेत प्रयोग म्हणून सुरुवात करता येईल. पनवेल तशी आहे.

जासई हे गाव अजून ग्रामपंचायतीत आहे, पण विमानतळ आणि अटल सेतू झाल्यावर शहराची वेस त्याच्या दारात आली आहे. हे दि. बा. पाटलांचे गाव. जानेवारी १९८४ मध्ये इथे दास्तान फाट्यावर आणि नंतर नवघरला जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. दिबा विधिमंडळातही होते, संसदेतही होते. तरी गावांचे म्हणणे ऐकवायला रस्त्यावर यावे लागले. साडेबारा टक्क्यांची मागणी सभागृहातल्या बहुमताला आपणहून सुचलेली नव्हती. थोड्यांचे म्हणणे सभागृहात पोचण्याचा दरवाजा अरुंद असला, की ते रस्त्यावर येते आणि त्याची किंमत थोड्यांनाच मोजावी लागते. उद्या या गावांच्या सीमा कुठल्या तरी शहराच्या नकाशात जातील आणि त्यांचे प्रभाग आखले जातील. तेव्हा इथल्या माणसाच्या हाती चार बटणे द्यायची की एक लेखणी, हा प्रश्न तांत्रिक नाही. कौल त्याने पुष्कळ दिले. त्याचे मत विचारायचे अजून राहिले आहे.